शेंदुरसनीत २७ हजार जन्मनोंदी. सिस्टीमला खटकलं कसं नाही?

आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत इथल्या ग्रामपंचायतीच्या आयडीवरून सीआरएस पोर्टलवर २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्या. दिवसाला साधारण ३००! प्रकरण पोलिसांत गेलं, एसआयटी नेमली गेली. दोषी कोण, ते तपासात ठरेल. पण पहिल्याच दिवशी अलार्म का वाजला नाही?

हे तंत्र काही नवं नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी घुसखोरी ओळखण्याचं मॉडेल १९८७ मध्येच मांडलं. प्रत्येक खात्याची रोजची सवय सिस्टीमने टिपून ठेवायची आणि वेगळं काही घडलं की इशारा द्यायचा, पासवर्ड बरोबर असला तरीही. एवढ्या गावात वर्षाला वीस-पंचवीस जन्म होतात, हा हिशेब शाळकरी पोरगंही मांडेल.

दुसरा उपाय सिक्युरिटी कीचा. ओटीपी फोनवर गोड बोलून काढून घेता येतो. पेनड्राइव्हएवढी ही की मात्र खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यालाच प्रतिसाद देते, बनावट पानावर चालतच नाही.

‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ असं परिपत्रक ग्रामसेवकांना धाडणं सोपं आहे. पण एका खेड्याच्या खात्यातून दिवसाला ३०० नोंदी मुकाट स्वीकारणारा सर्व्हर ग्रामसेवकाच्या हातात नसतो. त्यावर मर्यादा दिल्लीतल्या महानिबंधक कार्यालयालाच घालावी लागेल.