'मस्त झालंय' म्हणजे नक्की काय?

गेल्या शनिवारी मावसबहीण लॅपटॉप घेऊन घरी आली. मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारा मिनिटांची शॉर्टफिल्म हा तिचा वर्षाचा प्रोजेक्ट. वाडा पाडायच्या आदल्या दिवशी एक आजोबा एकटेच घर आवरतायत, एवढीच गोष्ट. वर्गात दाखवून झाली होती. गूगल फॉर्मवर ३४ जणांचे अभिप्राय, सरासरी पाचपैकी ४.६.

"दादा, सगळ्यांना आवडलीये. आता फक्त रिपोर्ट लिहायचा."

"३४ पैकी तुझे मित्र-मैत्रिणी किती?"

"अं... ३४."

इथेच तर घोळ आहे. मैत्रिणीनं रात्री जागून केलेल्या कामाला पाचपैकी दोन द्यायला फार निबर काळीज लागतं. आमच्या धंद्यातही हेच. डेमोला सगळे माना डोलावतात आणि प्रत्यक्ष वापरायला दिलं की पहिल्याच स्क्रीनवर अडकतात.

मग रविवारी आम्ही वेगळा प्रयोग केला. शेजारचे काका-काकू, वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा आणि माझे ऑफिसातले दोन मित्र, असे पाच जण बसवले. फिल्म कुणाची ते सांगितलं नाही. बहिणीला म्हटलं, तू टीव्हीकडे बघू नकोस, माणसांकडे बघ आणि वेळ टाकून लिहून ठेव.

तिच्या वहीतल्या नोंदी: ५ मिनिटं १० सेकंद, काकूंनी मोबाइल बघितला. ५ मिनिटं २५ सेकंद, मुलगा पाणी प्यायला उठला. त्या जागी गळणाऱ्या नळाचा पाऊण मिनिटाचा शॉट आहे.

नंतर 'कशी वाटली?' हे विचारलंच नाही. म्हटलं, 'गोष्ट सांगा.' पाचपैकी तिघांच्या मते आजोबांनी वाडा स्वखुशीनं विकला होता. खरं तर मुलांच्या हट्टापुढे हात टेकून त्यांनी सही केलेली असते, आणि अख्खी फिल्म त्यावरच उभी आहे!

पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "लोकांना कळतच नाही." हे वाक्य मी स्वतः 'यूजरला अक्कल नाही' अशा शब्दांत कितीदा तरी म्हटलंय. दर वेळी चूक माझी निघाली.

अर्थात, लोक म्हणतील ते सगळं करायचं असंही नाही. काका म्हणाले, "मागे व्हायोलिन टाका." मुलगा म्हणाला, "फ्लॅशबॅक पाहिजे." माझं मत विचाराल तर, कुठे दुखतंय ते प्रेक्षक बरोबर सांगतो, पण औषध आपणच शोधायचं. बग रिपोर्ट घ्यावा, कोड आपण लिहावा.

बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेव्हार्ड'ची (१९५०) सुरुवात आधी शवागारात होती, तिथली प्रेतं एकमेकांशी गप्पा मारायची. प्रदर्शनाआधीच्या खेळात लोक नको तिथे हसले. ते हसणंच पुरेसं होतं. वाइल्डरनं शवागार कापलं, पण मेलेल्या माणसानंच गोष्ट सांगायची ही कल्पना सोडली नाही. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो तलावात तरंगत असतो. तक्रार लोकांची, उपाय त्याचा.

आता त्या नळाबद्दल. तो आमच्या आजोळच्या वाड्यातला नळ. वाडा पाडायच्या आधी तिनं तो शूट करून ठेवला होता. आता तिथे पार्किंग आहे. तो शॉट कापायचा म्हटल्यावर खरं सांगतो, माझ्याही पोटात कालवलं. पण ते आपलं दुखणं. काकूंना त्या नळात फक्त नळच दिसणार ना?

शेवटी नळ दहा सेकंदांवर आला. दुसऱ्या मिनिटाला आजोबा मुलाशी फोनवर बोलतात, तिथे एक वाक्य वाढलं: "केली रे बाबा सही, आता तरी खूश ना?" शेवट काकूंना अर्धवट वाटला होता. तो तिनं तसाच ठेवला. तो अर्धवट वाटावा असंच तिला हवं होतं.

रिपोर्टमध्ये तिनं तीनच गोष्टी लिहिल्या: काय दिसलं, काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही. ४.६ चा आकडा स्वतःच काढून टाकला.

पूर्ण पाऊण मिनिटाचा नळ मी माझ्याकडे कॉपी करून घेतलाय. तो आम्हा घरच्यांसाठी.