डाळ आमदारांची, डाळ पोरांची

८ जुलै २०२५ ला, मंगळवारी रात्री मुंबईत आकाशवाणी आमदार निवासात शिळी डाळ आली म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी उपाहारगृहाच्या कर्मचाऱ्याला बुक्क्यांनी बडवलं. बुधवारी अन्न व औषध प्रशासनाची माणसं नमुने घ्यायला हजर, गुरुवारपासून ठेकेदाराचा परवाना निलंबित! मारहाणीचा निषेध सगळ्यांनी केलाय, त्यात माझी भर नको. मी थक्क झालो तो सरकारी यंत्रणेचा वेग बघून. म्हणजे ती धावू शकते तर!

आता आपल्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात या. पांढरकवडा किंवा पुसद आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळेत एखाद्या पोरीच्या डाळीत अळी निघाली, तर ती अधीक्षिकेला सांगणार, अधीक्षिका मुख्याध्यापकांना. पुढे प्रकल्प कार्यालय, मग अमरावतीचे अप्पर आयुक्त, मग नाशिकचं आयुक्तालय, सगळ्यांच्या वर मंत्रालय. टप्प्याटप्प्यावर आवक शिक्का. तोवर अळीचं पाखरू होऊन उडून गेलेलं असतं. मग पोरं उठतात आणि पायीच प्रकल्प कार्यालयाच्या फाटकाशी जाऊन बसतात. लगेच साहेबांचा ठरलेला प्रश्न : यांना फूस कोणी लावली? गायकवाडांना फूस कोणी लावली, हे मात्र कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

नियमित वाचकांना २०१८ चा जुलै आठवत असेल. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचं ठरवलं. पोरांचं म्हणणं साधं होतं : पैसे नकोत, ताट द्या. खात्यातला पैसा वेळेवर येत नाही, आणि आला की घरच्या अडचणीत जातो. हे सांगायला ती पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे चालत निघाली. एका कर्मचाऱ्याच्याही अंगाला हात लावला नव्हता. तरी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी त्यांना अडवलं. तेव्हा पोरांच्या वाट्याला पोलीस आले, आता आमदारांच्या दिमतीला अन्न निरीक्षक.

हा पंक्तिप्रपंच ताटापुरताच नाही. आदिवासी विकास खात्याच्याच पैशातून काही आदिवासी मुलं ‘नामांकित’ इंग्रजी शाळांत जातात. शाळेच्या श्रेणीप्रमाणे एका मुलामागे वर्षाला ५० ते ७० हजार रुपये संस्थाचालकांना मिळतात. खात्याच्या स्वतःच्या आश्रमशाळांत मात्र शिक्षकांची १,७९१ पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत भरायचं ठरलं. त्याविरुद्ध रोजंदारी शिक्षकांनी या मारहाणीच्याच आठवड्यात नाशिकला बिऱ्हाड आंदोलन मांडलं. स्वतःच्या शाळेवर खात्याचाच भरवसा नाही, पोरांनी तो कुठून आणायचा?

माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो : आमदारांनी महिन्यातून एक जेवण आश्रमशाळेत घ्यावं, न कळवता. कळवून गेलात तर त्या दिवशी श्रीखंड असतं, हे मी पैजेवर सांगतो. आदिवासी विकासमंत्री अशोक उईके आपल्याच राळेगावचे आमदार आहेत, तेव्हा सुरुवात घरापासून होऊ शकते.

पुढचं अधिवेशन भरेल तेव्हा जिल्ह्यातल्या एका तरी आमदाराने सभागृहात एवढंच विचारावं : गेल्या पाच वर्षांत आश्रमशाळेतल्या निकृष्ट जेवणावरून किती ठेकेदारांचे परवाने निलंबित झाले, आणि तक्रारीनंतर किती दिवसांनी? उत्तर लेखी मागा. तोंडी दिलं तर ‘माहिती घेऊन कळवतो’ यावरच भागवतील.