‘भामटा’ ही आधी जात आहे, मग शिवी

‘केवायसीच्या नावाखाली भामट्याने घातला गंडा.’ हा मथळा वाचताना आपल्यापैकी कुणीही अडखळत नाही. मीही अडखळत नव्हतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रवेशाची कागदपत्रं तपासताना खिडकीतल्या कारकुनाने माझ्या रूममेटच्या दाखल्यावरची जात मोठ्याने वाचली, ‘भामटा’. रांग हसली. रांगेत मी होतो, आणि मीही हसलो. रात्री खोलीवर तो एवढंच म्हणाला, “तुले हसू येते बे. मले हरेक फारमावर हेच लिहा लागते.”

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ आहे आणि ‘राजपूत भामटा’ ही वेगळी नोंदही आहे. भामटाच्या पोटात ‘उचले’, ‘घंटीचोर’ अशी नावं आहेत. सरकारी कागदावर, शिक्क्यासकट, एका माणसाची जात ‘घंटीचोर’! त्याच ओळीत आणखी एक नाव आहे : टकारी. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारा. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की पीठ जाडं पडतं. मग टकारी यायचा, छिन्नीने दगड खडबडीत करून जायचा. आपल्या आज्या त्याची वाट पाहायच्या. म्हणजे या लोकांना हाताच्या कामाचं नाव होतं आणि आरोपाचंही. जातं गेलं तसं कामाचं नाव आपण विसरलो. आरोपाचं मात्र भाषेत घासून चकचकीत ठेवलं.

या आरोपाला कायद्याचं रूप इंग्रजांनी दिलं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरवायची सोय केली. पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायची बंदी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती ‘विमुक्त’. कायदा गेला, शब्दकोश मात्र तसाच राहिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘अहो, अर्थ बदललाय. आता जात मनात ठेवून कोण म्हणतं?’ म्हणणाऱ्याच्या मनात जात नसेलही. ऐकणाऱ्याच्या दाखल्यावर ती आहे. शब्दाचा जुना अर्थ खरंच मेला असता, तर त्या दिवशी रांग कशाला हसली असती?

यवतमाळकरांना तर हे उत्तर शोभतच नाही. बंजारा समाज याच विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याच समाजातले, आमच्या पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांचा आम्हाला अभिमान आहे, असायलाच हवा. मग यादीतल्या एका नावापुढे मान झुकवायची आणि दुसऱ्या नावाने चोराला हाक मारायची, हा कुठला न्याय?

लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ हेच नाव आत्मकथनाला दिलं. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या आणि मथळे होते तसेच ठेवले. ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. जे तुरुंगाला सांगावं लागलं, ते वर्तमानपत्राला कुणी सांगायचं? अॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. महाराष्ट्रातल्या भामटा समाजाला त्याचा आधार नाही. म्हणजे ही शिवी फुकट आहे, म्हणून सर्रास आहे.

मराठीत पर्यायांचा दुष्काळ नाही. ‘ठक’ घ्या. संस्कृत ‘स्थग’पासून आलेला हा शब्द फसवण्याच्या कृतीवर बोट ठेवतो, कुणाच्या जन्मावर नाही. ‘ठकास महाठक’ ही म्हण आपल्याकडे आहेच. लबाड आहे, लुच्चा आहे, तोतया आहे. मथळ्यात जागा कमी असते म्हणाल, तर ‘ठक’ ‘भामटा’पेक्षा आखूडच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादं नाव चुकीचं पडलं तर सगळीकडून बदलावं लागतं. कंटाळवाणं काम असतं, पण ‘चालतंय तर राहू द्या’ म्हणणाऱ्याला कुणी चांगला इंजिनिअर म्हणत नाही. इथे तर बदल एका शब्दाचा आहे. संपादकांनी आजच्या अंकापासून करावा.

माझ्या मित्राला फॉर्मवर तो शब्द लिहावाच लागेल, ती त्याची जात आहे. तो चोरासाठी वापरायची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नाही.