सरकी गेली, कडबा गेला, शेणही गेले



कापूस विकताना आपण रुईचा भाव विचारतो, ज्वारी विकताना दाण्याचा. जमिनीच्या कसाचा भाव कोणी विचारत नाही, आणि कोणी देतही नाही. वास्तविक एक क्विंटल कापसात रुई निघते 34-35 किलो. बाकी बहुतेक सरकी. रुई ही हवा, पाणी आणि ऊन यांची कमाई; जमिनीचे नत्र तिच्यात जवळजवळ नसते. कस उतरतो तो सरकीत. शंभर किलो सरकी पेंडीत सुमारे 4 किलो नत्र असते. कडब्याबरोबर पालाश जाते. ही पेंड, हा कडबा गावाबाहेर गेला की पुढे त्याचे काय होते?

त्या वाटेवरचा एक जुना मुक्काम म्हणजे मुंबईची उपनगरे. शहरातल्या दाटीतून म्हशी बाहेर काढाव्यात म्हणून 1949 मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी तेव्हा दूध आयुक्त होते. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या तिघांत ते एक. तीसहून अधिक तबेले आणि सुमारे 16 हजार म्हशी, असा या वसाहतीचा पसारा सांगितला जाई. अंधेरी, जोगेश्वरीकडचे खासगी तबेले निराळेच. गव्हाणीत काय? सरकी पेंड, चुणी, भुसा, पेंढा, कडबा.

आता हिशोब मांडू. म्हैस जे नत्र खाते, त्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास शेणामुतातून परत बाहेर पडते. एक म्हैस रोज 15 किलो शेण टाकते असे धरले तर 16 हजार म्हशींचे रोजचे शेण 240 टन. ओल्या शेणात टनाला 3 किलो नत्र धरा. मूत्र बाजूला ठेवले तरी झाले 720 किलो, म्हणजे रोज सुमारे 35 गोणी युरिया! यातले किती शेतात पोहोचले? ओशिवरा, दहिसर, मिठी या नद्यांच्या काठच्यांना विचारा. तबेल्याचे शेण पाण्याच्या फवाऱ्याने गटारात, गटारातून नदीत, नदीतून खाडीत. आपल्या शिवाराचा कस अरबी समुद्रात गेला.

शहरवाल्यांना शिव्या देऊन हे बदलणार नाही. ओल्या शेणात दहा भागांत आठ भाग पाणी. दहा टनांचा ट्रक भरून यवतमाळला आणला तर आत नत्र 30 किलो, म्हणजे युरियाची दीड गोणी. 45 किलोच्या गोणीची सरकारने ठरवलेली किंमत 266 रुपये 50 पैसे. चारशे रुपयांच्या नत्रासाठी एवढे डिझेल कोण जाळील? सरकारी पैशाने युरिया स्वस्त ठेवला, त्याच दिवशी शेण ही शहरात घाण ठरली.

मग सरकारने काय केले? 2016 मध्ये शहरी कचऱ्याच्या खताला टनामागे 1500 रुपये मदत जाहीर केली. 2023 मध्ये बायोगॅस प्रकल्पांच्या सेंद्रिय खतालाही तेवढीच. मदत कारखान्याच्या खताला. आपल्या उकिरड्यात खत करणाऱ्या शेतकऱ्याला यातला छदाम नाही. त्याचे खत खत नव्हे काय?

मात्र सरकारकडे बोट दाखवताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. उकिरडा उघड्यावर, उन्हात सुकतो, पावसात धुपतो. गोठ्यातले मूत्र जमिनीत मुरून जाते; जनावराने टाकलेले निम्म्याच्या आसपास नत्र त्याच मुतात असते. पऱ्हाटी आपण बांधावर जाळतो. आपली खाडी आपण दारातच खणली आहे!

उपाय महागडे नाहीत. गोठ्यात धसकटांचा, पाचोळ्याचा थर घाला; तो मूत्र पितो. रोज तो उचलून खड्ड्यात टाका. खड्डा झाडाच्या सावलीत असावा, काठ उंच असावेत, वरून मातीचा लेप असावा. जनावरे कमी असतील त्यांनी पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांचे टाके बांधावे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांत भोके ठेवलेले. दीड टन काडीकचरा, पावणेदोन टन कोरडी माती आणि शेण फक्त शंभर किलो. पाणी शिंपून ओल राखली तर तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. पऱ्हाटी बारीक तोडून घाला, नाहीतर ती कुजत नाही. शेळ्या-मेंढ्या असोत की परसात पाळलेले चार ससे, लेंडी कोरडी असते आणि शेणापेक्षा कसदारही. ती झाडून टाकू नका. आडोशाला साठवा आणि परसबागेला, भाजीच्या वाफ्यांना द्या.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवतो. शहरी खताला जेवढी मदत, तेवढी शेतकऱ्याच्या स्वतःच्या खड्ड्यातल्या खताला. आणि तबेल्याचे शेण नदीत सोडणे बंद. ते तिथेच वाळवून, कुजवून, गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश लिहून विकावे. ओझे हलके झाले तर ते परत येण्याची वाट खुली होईल.

तोवर कडब्याचा सौदा करताना एक आकडा मनात धरा: पेंढीबरोबर जाणारा कस पुन्हा विकत आणायला किती लागतील? तेवढे मिळत नसतील तर कडबा आपल्याच जनावरांच्या दावणीला घाला.