अस्सल लुआउ कोणता?

गेल्या सुटीत धाकट्या भावाने आम्हां उभयतांना हवाईला नेले. "दादा, अस्सल पारंपरिक लुआउ कोणता, ते तूच ठरव." मास्तराला काम मिळाले! जाहिराती चाळल्या. जिकडेतिकडे पेटता सुरा गरगर फिरवणारा उघडाबंब नर्तक. अहो, तो नाच सामोआचा! हवाईचा हुला म्हणजे शब्दाचा अर्थ हातांनी सांगणे. १८३० साली राणी काआहुमानूने त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. १८८३ साली राजा कालाकाउआने तो आपल्या राज्याभिषेकात मानाने नाचवला.

आणि परंपरा म्हणाल, तर १८१९ पर्यंत तिथे बायका पुरुषांच्या पंगतीला बसत नसत. डुकराचे मांस, केळी, नारळ त्यांना वर्ज्य! त्या वर्षी राजा लिहोलिहो बायकांत जाऊन जेवला आणि सोवळे मोडले. आजची एकत्र पंगत त्या बाटण्यानंतरची. अस्सलाच्या भक्तांनो, वहिनीला वेगळे बसवता का? लुआउ या शब्दाचा मूळ अर्थ अळूचे पान. आपल्या लग्नातल्या अळूच्या फदफद्यावरून साऱ्या जेवणावळीलाच 'अळू' म्हणावे, तसे ते नाव पडले.

मी निवडला तो लुआउ लहान होता. तिथे इमू, म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, पाहुण्यांदेखत उघडत. अळकुडीची पोई वाडगाभर वाढत. कोणता नाच कोणत्या बेटाचा, ते सांगत. पेटता सुरा नाही म्हणून भाऊ हिरमुसला. पुतण्याने पोई चाखून तोंड वाकडे केले. त्याचाही वाडगा मी पुढे ओढला.