फणसाडात ड्रोन? नको रे बाबा!

परवा मित्र म्हणाला, "फणसाडच्या जंगलात सायकल मारू, वर ड्रोन सोडू. फॉलो-मी मोडवर आपोआप मागे येतो. मस्त व्हिडिओ!" ड्रोनचं वजन २४९ ग्रॅम. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंत पायलटचं लायसन्स लागत नाही, हे साहेबांचं लॉजिक.

आता लायसन्स नको म्हणजे परवानगीही नको, असं थोडंच आहे? फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे फोटोग्राफीसाठी शिरायलाही परवाना लागतो.

बरं, कायदा ठेवा बाजूला. शेकरू फारसं जमिनीवर उतरत नाही. आपल्याला जी मोकळी हवा वाटते, ते त्याचं अंगण. तिथे आपली भणभण कशाला? शिवाय ड्रोनच्या सेन्सरला खोड दिसतं, बारीक वेल बऱ्याचदा दिसत नाही. अडकून पडला तर लिथियम बॅटरी वाळक्या पानांत! आणि सायकलवर असताना तुम्ही बघणार कुठे, रस्त्यावर की वर?

हौस मलाही आहे हो. पण कॅमेरा हॅण्डलला बांधू. ड्रोनच्या व्हिडिओवर शेवटी गाणंच चिकटवावं लागतं. इथे निदान चढावरच्या आपल्या धापा तरी खऱ्या ऐकू येतील :-)