सुपरमार्केटमध्ये कॅफे चालतो, मग वाईन का अडली?

नवी मुंबईत तुर्भे इथं २०२० मध्ये सुरू झालेल्या आयकियात फर्निचरसोबत रेस्टॉरंटही आहे. भूक लागली की ग्राहक खरेदी अर्धवट सोडून निघतो, पोट भरलं की आणखी फिरतो. कॉस्टकोने तर अमेरिकेत हॉटडॉग आणि कोल्ड्रिंकची किंमत १९८५ पासून दीड डॉलरच ठेवली आहे. स्वस्त खाणं हे गिऱ्हाईक दुकानात आणण्याचं साधन आहे.

दारूचं गणित मात्र दुकानदाराच्या हातात नसतं. २७ जानेवारी २०२२ रोजी महाविकास आघाडी सरकारने एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीला मंजुरी दिली. द्राक्ष उत्पादकांना फायदा होईल, हा सरकारचा युक्तिवाद होता. भाजपने विरोध केला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे सरकार बदललं आणि निर्णय अमलात आलाच नाही.

कळीचा मुद्दा असा: वाईन शॉपमध्ये माणूस ठरवून जातो, किराणा घ्यायला मात्र लहान मुलांसह अख्खं कुटुंब जातं. त्यामुळे विरोध बाटलीइतकाच तिच्या जागेलाही होता. हा प्रस्ताव पुन्हा आला, तर नाशिकच्या द्राक्षांसोबत या प्रश्नाचंही उत्तर सरकारला द्यावं लागेल.